भाग ३८ : नायसिनामाइड – मक्याच्या भाकरीपासून सीरमच्या बाटलीपर्यंत

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले अडखळे आणि पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

 

आजचा विषय बघून काहींना वाटेल की आपला इतिहासाचा पॉडकास्ट चुकून ब्युटी टिप्सकडे वळला की काय. तसं नाही. झालं असं, की गेल्या महिन्यात एका श्रोतीचा ईमेल आला. पुण्यात नोकरी करते, वय तेवीस. तिने लिहिलं होतं, की मानेच्या मागे आणि बाजूला तिची त्वचा काळपट आणि थोडी जाडसर झाली आहे. आई म्हणते, "नीट घासून आंघोळ करत नाहीस." मैत्रीण म्हणते, "दहा टक्क्यांचं नायसिनामाइड लाव." तर तिचा प्रश्न असा : हे नायसिनामाइड म्हणजे नक्की काय, आणि ते लावून मान उजळेल का?

आता मी काही त्वचारोगतज्ज्ञ नाही. मी उत्तर शोधायला गेलो आणि अडकलो ते थेट १७३५ सालच्या स्पेनमध्ये. तिथेही लोकांच्या मानेवर काहीतरी उमटत होतं, आणि तिथेही लोक त्याची भलतीच कारणं शोधत होते. त्यामुळे आज आधी ती गोष्ट सांगतो. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतोच, पण ते याच गोष्टीतून येणार आहे.

मानेभोवतीचा हार

उत्तर स्पेनमध्ये आस्तुरियास नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे ओव्हिएदो शहरात गास्पार कासाल नावाचे वैद्य होते. गावाकडून येणाऱ्या गरीब शेतकऱ्यांमध्ये त्यांना एक विचित्र आजार दिसायला लागला. हातापायांवर उन्हाने भाजल्यासारखे लाल चट्टे, मग त्यावर खपली, त्वचा खरखरीत. आणि मानेभोवती तर अगदी हार घातल्यासारखा गडद पट्टा. वैद्यकाच्या पुस्तकांत आजही त्याला 'कासालचा हार' म्हणतात. स्थानिक लोक या आजाराला 'माल दे ला रोसा' म्हणायचे, त्या लालसर रंगावरून. कासाल यांनी १७३५ मध्ये हे लक्षात घेतलं, पण त्यांचं लिखाण छापून आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर, १७६२ मध्ये.

कासाल यांनी एक साधी गोष्ट नोंदवली होती. ही माणसं मुख्यतः मका खातात, आणि ताजं मांस त्यांना क्वचितच मिळतं. बस. यापुढे उत्तर शोधायला दोनशे वर्षं लागली.

पुढे इटलीच्या उत्तर भागात हाच आजार पसरला. तिथल्या शेतमजुरांचं जेवण म्हणजे पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठल्यासारखं शिजवलेलं अन्न. सकाळी तेच, रात्री तेच. १७७१ मध्ये मिलानच्या फ्रान्चेस्को फ्रापोली यांनी या आजाराचं तिथल्या बोलीतलं नाव कागदावर आणलं : पेलाग्रा. 'पेल्ले' म्हणजे त्वचा, 'आग्रा' म्हणजे खरखरीत किंवा आंबट. म्हणजे नावच त्वचेवरून पडलं. पण आजार त्वचेवर थांबत नव्हता. त्वचा, मग जुलाब, मग डोकं भ्रमिष्ट होणं, आणि शेवटी मृत्यू. इटलीतल्या वेड्यांच्या इस्पितळांत पेलाग्राचे किती तरी रोगी असत.

इथे कोणाच्याही मनात प्रश्न येईल, की मका तर मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका खात आले, त्यांना हे का नाही झालं?

याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. मेक्सिकोत बायका मका नुसता दळत नाहीत. तो आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, मग धुऊन वाटतात, आणि त्याच्या तोर्तिया, म्हणजे त्यांच्या भाकऱ्या, करतात. मक्यात नायसिन असतं, पण ते अशा बांधलेल्या रूपात असतं की आपल्या आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. चुन्याने ते सुटं होतं. शिवाय ताटात सोबत घेवडा-राजम्यासारखी कडधान्यं असतात. युरोपने जहाजात भरून मक्याचं बियाणं नेलं. चुन्याची पद्धत मात्र नेली नाही. बायकांच्या चुलीवरचं ज्ञान कोणी विचारलंच नाही, आणि त्याची किंमत लाखो गरिबांनी मोजली.

आजारी कोण पडतं, आणि कोण पडत नाही

आता आपण विसाव्या शतकात येऊ, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना. हा कापसाचा मुलूख. यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली, पण कुळांची अवस्था वाईटच होती. जमीन मालकाची, बियाणं उधारीवर, किराणाही मालकाच्याच दुकानातून उधारीवर. कापूस दारापर्यंत लावायचा, कारण उधारी कापसावरच मिळते. भाजीचा वाफा नाही, गाय नाही. खायचं काय? मक्याची भाकरी, खारवलेल्या डुकराची चरबी आणि काकवी. त्यात नव्या गिरण्या आल्या, ज्या मक्याचा अंकुर काढून टाकून पीठ दळायच्या. पीठ टिकायचं जास्त, पण त्यातलं होतं नव्हतं ते सत्त्वही जायचं.

१९०६ मध्ये अलाबामातल्या माउंट व्हर्नन इथल्या कृष्णवर्णीयांच्या मनोरुग्णालयात एकदम ८८ जणांना पेलाग्रा झाला. निम्म्याहून जास्त दगावले. मग जिकडेतिकडे रुग्ण सापडायला लागले. १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि जवळपास १ लाख माणसं गेली, असा अंदाज दिला जातो.

लोक घाबरले. इस्पितळं रुग्णांना दाखल करून घेईनात. शेजारी शेजाऱ्याकडे जाईना. कारण बहुतेकांना वाटत होतं की हा संसर्ग आहे, घाणीतून पसरतो. काही म्हणत सडलेल्या मक्यातलं विष. काही म्हणत हा वंशाचाच दोष, या लोकांचं रक्तच कमअस्सल. आणि उपचार म्हणून आर्सेनिक, म्हणजे सोमलसुद्धा दिला जायचा.

१९१४ मध्ये सरकारच्या आरोग्य खात्याने हे काम जोसेफ गोल्डबर्गर यांच्यावर सोपवलं. हे गृहस्थ ऑस्ट्रिया-हंगेरीत १८७४ मध्ये ज्यू कुटुंबात जन्मले, लहानपणी आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आले. वडिलांचं छोटं किराणा दुकान होतं. मला उगाच वाटतं, की किराणा दुकानात वाढलेल्या माणसाला कोणाच्या पिशवीत काय जातं हे बरोबर दिसत असणार.

गोल्डबर्गर अनाथाश्रमांत, मनोरुग्णालयांत, तुरुंगांत फिरले. आणि त्यांनी एक प्रश्न विचारला जो इतक्या तज्ज्ञांपैकी कोणी नीट विचारला नव्हता. रुग्णांना आजार होतो, मग त्यांच्याबरोबर दिवसरात्र राहणाऱ्या नर्सेसना, रखवालदारांना का होत नाही? संसर्ग असता तर त्यांना आधी झाला असता.

मिसिसिपीतल्या जॅक्सन गावच्या अनाथाश्रमात तर आणखी गंमत. गंमत म्हणजे वाईट अर्थाने. सहा वर्षांखालच्या मुलांना फारसा आजार नाही. बारा वर्षांवरच्यांना फारसा नाही. मधल्या, सहा ते बारा वयाच्या मुलांना आहे. घर एक, बिछाने तेच, पाणी तेच. मग फरक कशात? लहानांना दूध मिळत होतं. मोठी मुलं काम करत होती म्हणून त्यांना थोडं मांस मिळत होतं. मधली मुलं ना दुधाची ना कामाची. त्यांच्या वाट्याला मक्याचं पीठ आणि काकवी.

गोल्डबर्गर यांनी सरकारी पैशातून दूध, अंडी, मांस आणि कडधान्यं सुरू केली. पुढच्या वर्षापर्यंत त्या आश्रमांतून पेलाग्रा जवळजवळ नाहीसा झाला.

आता उलट बाजूही सिद्ध करायला हवी होती. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या रँकिन तुरुंग शेतीवर बारा कैदी तयार झाले. गव्हर्नर अर्ल ब्रूअर यांनी त्यांना माफीचं आश्वासन दिलं होतं. त्यांना दक्षिणेतल्या गरिबाचं रोजचं जेवण द्यायचं, बाकी सगळं स्वच्छ ठेवायचं. पोट भरेपर्यंत खा, पण फक्त मका, भात, रताळी, पाव, काकवी असलंच. एक कैदी मध्येच बाहेर पडला. उरलेल्या अकरांपैकी सहा जणांच्या त्वचेवर सहा महिन्यांच्या आत पेलाग्राच्या खुणा उमटल्या. आजच्या नियमांनी असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये. माफीच्या लालसेने दिलेली संमती ही खरी संमती असते का, हा प्रश्न उरतोच.

तरीही विरोधक ऐकेनात. मग १९१६ मध्ये गोल्डबर्गर यांनी जे केलं ते ऐकून आजही अंगावर काटा येतो. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेलाग्राच्या रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. रुग्णांच्या त्वचेच्या खपल्या आणि विष्ठा पिठात मिसळून त्याच्या गोळ्या गिळल्या. त्यांच्या पत्नी मेरी गोल्डबर्गर यांनीही रक्त टोचून घेतलं. एकूण सोळा माणसं. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

त्वचेमागचा पगार

इथपर्यंत गोष्ट आहाराची झाली. पण आहार असा का, हा पुढचा प्रश्न, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्यासाठी गोल्डबर्गर यांनी एडगर सायडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेतलं. १९१६ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या सात गिरणी-वस्त्यांमध्ये ते घरोघरी फिरले. कोण किती कमावतं, काय विकत घेतं, कोणाच्या दारात गाय आहे. निष्कर्ष सरळ होता. जसं उत्पन्न कमी, तसा पेलाग्रा जास्त. आणि घराघरात आणखी एक गोष्ट दिसत होती : तरुण बायकांना हा आजार पुरुषांपेक्षा बराच जास्त. का? घरात थोडं दूध, थोडं मांस आलं तर ते आधी कामावर जाणाऱ्या नवऱ्याला, मग मुलांना. उरलं तर बाईला. आता हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या आज्या-पणज्या कशा जेवल्या ते आपण पाहिलंय किंवा ऐकलंय.

हे निष्कर्ष कोणाला आवडणार? १९२० नंतर कापसाचे भाव कोसळले. गोल्डबर्गर यांनी इशारा दिला की आता पेलाग्रा वाढणार. दक्षिणेतले पुढारी चिडले. आमच्याकडे उपासमार आहे असं म्हणून आमची बदनामी करता? गुंतवणूक येणार नाही, पर्यटक येणार नाहीत. म्हणजे बघा, जंतू असता तर चाललं असतं, जंतूला कोणी मालक नसतो. पण कारण मजुरीत आणि जमिनीत निघालं, की लगेच कोणाच्या तरी खिशाला हात लागतो.

गोल्डबर्गर यांनी तोवर स्वस्त उपाय शोधून ठेवला होता : दारू गाळताना राहणारं वाळवलेलं यीस्ट. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला, तेव्हा रेड क्रॉसच्या मदतीने ते यीस्ट पूरग्रस्त भागात वाटलं गेलं आणि असंख्य लोक वाचले. यीस्टमध्ये नेमकं काय आहे हे मात्र गोल्डबर्गर यांना कळलं नाही. जानेवारी १९२९ मध्ये ते कर्करोगाने गेले.

अलीकडे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली आहे. कापसाच्या बोंडांवर पडणारी एक कीड ज्या भागात पोहोचली, तिथे शेतकऱ्यांनी नाइलाजाने कापूस कमी करून खाण्याची पिकं लावली, आणि तिथे पेलाग्राचे मृत्यू कमी झाले. किडीने कापूस खाल्ला आणि माणसं वाचली. विदर्भातल्या श्रोत्यांना यावर वेगळं काही सांगायला नको.

बाटलीतलं नाव

आता आपण त्या ताईंच्या बाटलीपाशी येतोय.

१९३७. विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेयेम नावाचे जीवरसायनतज्ज्ञ कुत्र्यांवर काम करत होते. कुत्र्यांना पेलाग्रासारखाच एक आजार होतो, त्यात जीभ काळी पडते. एल्व्हेयेम यांनी प्राण्यांच्या यकृतातून एक पदार्थ वेगळा काढला, तो दिल्यावर कुत्री बरी झाली. तो पदार्थ म्हणजे निकोटिनिक आम्लाचं अमाइड. निकोटिनामाइड. दुसरं नाव नायसिनामाइड.

हो, तेच. सीरमच्या बाटलीवर लिहिलेलं.

गंमत अशी की निकोटिनिक आम्ल रसायनशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकापासूनच माहीत होतं. तंबाखूतल्या निकोटिनपासून ते प्रयोगशाळेत बनवलं गेलं होतं, म्हणून ते नाव. औषध कपाटात पडून होतं, रोगी बाहेर मरत होते. पुढे ते पिठात मिसळायचं ठरलं तेव्हा नावाची पंचाईत झाली. पावात निकोटिन घालतात की काय असं लोकांना वाटायला नको, म्हणून निकोटिनिक, ॲसिड आणि व्हिटॅमिन या तीन शब्दांचे तुकडे जोडून 'नायसिन' हे नाव केलं. यालाच आपण बी-३ जीवनसत्त्व म्हणतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत पावाच्या पिठात ते घालायला लागले, युद्धामुळे मजुरीही वाढली, आणि पेलाग्रा ओसरला.

आपल्या ज्वारीपर्यंत

यात आपला संबंध काय? आहे. पेलाग्रा दख्खनच्या पठारावरही होता, आणि इथे लोक मका नाही, ज्वारी खात होते. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात यावर लिहिलं. कोडं असं होतं, की ज्वारीत नायसिन आणि ते शरीरात तयार करायला लागणारं ट्रिप्टोफॅन हे मक्याइतकं कमी नसतं. मग आजार का? त्यांनी मांडलं की ज्वारीत ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल जास्त असतं आणि ते या सगळ्या गणितात आडवं येतं. या मांडणीवर पुढे बराच वाद झाला, सगळ्या प्रयोगशाळांना तेच निष्कर्ष मिळाले नाहीत. पण आजार कोणाला होत होता यावर वाद नव्हता. ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय काहीच नव्हतं, त्यांना.

म्हणून कृपा करून हा भाग ऐकून कोणी भाकरी सोडू नका! भाकरीबरोबर पिठलं, वरण, ताक, आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर काही भीती नाही. शेंगदाणा हा नायसिनचा उत्तम साठा आहे. सोलापूरकडची माणसं भाकरीवर शेंगाचटणी घेऊन जेवतात, त्यांनी हे पुस्तक वाचून केलेलं नाही. पण भूक भागवायला फक्त कोरडी भाकरी उरली, की तीच भाकरी पुरेशी पडत नाही.

मग ते चेहऱ्यावर कसं आलं?

आपल्या प्रत्येक पेशीला ऊर्जा वापरण्यासाठी एनएडी नावाचा एक रेणू लागतो, आणि तो नायसिनामाइडपासून बनतो. उन्हाने पेशीतला डीएनए बिघडला की दुरुस्तीलाही हाच एनएडी खर्च होतो. म्हणून पेलाग्रात उघड्या, ऊन लागणाऱ्या त्वचेवर आधी चट्टे उठतात. दुरुस्तीचं सामानच संपलेलं असतं.

हे कळल्यावर संशोधकांनी उलट प्रश्न विचारला. जीवनसत्त्व पुरेसं असलेल्या माणसाच्या त्वचेवर ते बाहेरून लावलं तर? १९९५ मध्ये मुरुमांवर चार टक्के निकोटिनामाइडचं जेल एका नेहमीच्या अँटिबायोटिक जेलच्या तोडीस तोड ठरलं. २००० च्या सुमारास दिसलं की त्याने त्वचेतले सेरामाइड वाढतात, म्हणजे त्वचेचं ओलावा धरून ठेवणारं कुंपण सुधारतं. २००२ मध्ये जपानी स्त्रियांवरच्या अभ्यासात डागांचा गडदपणा कमी झालेला दिसला. कसा? नायसिनामाइड रंगद्रव्य बनणं थांबवत नाही. रंगद्रव्याच्या बारीक पिशव्या एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जातात, ती वाहतूक ते मंदावतं. लावणं थांबवलं की वाहतूक पुन्हा सुरू.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात ३८६ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांना आधी त्वचेचे कर्करोग होऊन गेले होते. दिवसातून दोनदा ५०० मिलिग्रॅम निकोटिनामाइडच्या गोळ्या वर्षभर दिल्यावर नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले, आणि गोळ्या थांबवल्यावर फायदाही थांबला. हे लक्षात घ्या की या गोळ्या होत्या, सीरम नव्हे, आणि त्या ठरावीक रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिल्या होत्या. आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हा रेणू या सगळ्याच्या कितीतरी आधी घरोघरी पोहोचला होता, फक्त नाव माहीत नव्हतं. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'मध्ये नायसिनामाइड होतं. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला. मला हे बघून नेहमी थांबायला होतं. अमेरिकेत ज्या रेणूने गरिबीचा डाग पुसला, तोच रेणू आपल्याकडे सावळ्या रंगालाच डाग ठरवून विकला गेला. रेणूचा यात काही दोष नाही. प्रश्न आपण त्याला कोणतं काम सांगतो याचा आहे.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर

तर आता वापराचं. त्वचारोगतज्ज्ञ साधारण जे सांगतात ते थोडक्यात सांगतो.

बहुतेक अभ्यास दोन ते पाच टक्क्यांवर झाले आहेत. दहा टक्के म्हणजे दुप्पट फायदा असं नाही, उलट काहींना जळजळ आणि लाली येते. आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. तोंड साध्या फेसवॉशने धुवा, सीरमचे दोन-चार थेंब, त्यावर मॉइश्चरायझर, आणि सकाळी असेल तर सनस्क्रीन. सनस्क्रीन नसेल तर डागांसाठी बाकी सगळा खर्च जवळजवळ वाया. व्हिटॅमिन सीबरोबर चालत नाही ही जुनी समजूत, आजच्या उत्पादनांत ती अडचण येत नाही. आणि धीर धरा, आठ ते बारा आठवडे तरी. महिनाभरात गोरं करण्याचा दावा करणारी, घटक न छापलेली ट्यूब कुठे मिळाली तर हातही लावू नका. अशा क्रीममध्ये स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणं आपल्याकडे भरपूर आहेत.

हे झालं चेहऱ्याचं. पण ताई, तुमचा प्रश्न मानेचा आहे.

मानेच्या मागे आणि बाजूला त्वचा काळपट होऊन जाड, मखमलीसारखी होते, त्याचं एक अगदी नेहमीचं कारण मळ नसतं. शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नसेल, तर ते मानेवर आणि काखेत असं दिसतं. ती मधुमेहाकडे जाणारी वाट असू शकते. पाळी अनियमित असेल, वजन वाढलं असेल, घरात मधुमेह असेल, तर शंका आणखी वाढते. मी इथून निदान करू शकत नाही आणि करणारही नाही. पण सीरम मागवण्याआधी डॉक्टरांना मान दाखवा आणि रक्तातली साखर तपासून घ्या. घासू नका, घासल्याने त्वचा आणखी जाड आणि काळी होते. आणि आईंनाही हा भाग ऐकवा. त्यांचा राग नको. अमेरिकेच्या दक्षिणेत शहाण्यासुरत्या डॉक्टरांनीही आधी घाणीवरच बोट ठेवलं होतं.

कासाल यांच्याकडे आलेल्या शेतकऱ्याच्या मानेवर हार उमटला होता, कारण त्याच्या घरात मक्याशिवाय काही नव्हतं. तो पट्टा कोणी मलम लावून फिका केला असता, तर तो माणूस थोडा बरा दिसून मेला असता. मानेवरचं पुसायच्या आधी ते काय सांगतंय हे विचारायचं, एवढंच मला या दोनशे वर्षांतून घ्यावंसं वाटतं. तपासणी झाली, कारण कळलं, त्यावर काम सुरू झालं, की मग लावा ना हौसेने पाच टक्क्यांचं सीरम. त्यात काहीच वाईट नाही.

या आठवड्यात जमलं तर एक करा. घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, आणि त्यांच्या ताटात काय उरलेलं असतं, ते एकदा बघा.

ताई, रिपोर्ट आला की कळवा. बाकीच्यांनीही लिहा, तुमच्या घरात त्वचेच्या बाबतीत कोणत्या समजुती चालत आल्या आहेत ते ऐकायला मला आवडेल. भेटू पुढच्या भागात. तोवर नीट जेवा, आणि काळजी घ्या.